मधल्या पाण्यातला दवाखाना

कढईतलं नारळाचं दूध नुकतं फुटायला लागलं होतं. आता तासभर तरी हात थांबवायची सोय नव्हती, नाहीतर चोथा तळाला धरतो आणि तेलाला जळका वास लागतो. अशा वेळी समदेईला कुणी काही विचारलेलं खपत नसे. तरी नर्स व्हर्लिन दवाखान्यातनं तरातरा आली आणि चुलीपुढं उभी राहून म्हणाली, "मावशे, त्यो झेंडा काढ."

"कुठला?"

"धक्क्यावरचा. दुसरा कुठला हाय?"

"माझा धक्का, माझा झेंडा," समदेई कढईतनं नजर न काढता म्हणाली. "निवडणूक झाली की काढीन. न्हाईतर तसाच राहू दे, रंग बरा हाय."

दवाखाना म्हणजे खांबांवर उभ्या केलेल्या दोन खोल्या. समदेईचा नवरा देवनारायण जिवंत असताना त्यानंच आपल्या नारळाच्या बागेतली जागा दिली होती. पोमरून नदीच्या या भागात रस्ता नाही. शाळा, बाजार, देवळातली कथा, चर्चमधलं लग्न, सगळं होडीनं. दवाखान्यात यायचं तर समदेईच्याच धक्क्याला होडी बांधायची, आणि धक्क्याच्या खांबावर तीन महिन्यांपासून तिच्या पक्षाचा झेंडा फडफडत होता. अलीकडच्या काठाला उसाच्या मळ्यांवर राबायला जहाजानं आणलेल्यांच्या नातवंडांची हिंदुस्तानी वस्ती, ती एका पक्षाची. पलीकडे त्यांच्याही आधी गुलाम म्हणून आणलेल्यांची आफ्रिकन वस्ती, ती दुसऱ्या पक्षाची. पलीकडच्यांनी धक्क्याला होडी लावायचंच सोडलं होतं.

व्हर्लिननं काखेतली वही उघडली. "सतरा माणसं. साखरंची न्हाईतर रक्तदाबाची. तीन महिन्यांत एक बी आलं न्हाई. गोळ्या संपल्या असतील त्यांच्या."

"मग तू जा की पलीकडं."

"ग्येल्ते. हाइंड्सकाकाच्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसले, तर इकडनं वर तक्रार ग्येली, नर्स त्या पक्षाचा प्रचार करती म्हणून. कागदावर पयली सही कुणाची हुती, मावशे?"

समदेईनं चोथा जरा जोरातच हलवला. सही तिचीच होती.

व्हर्लिन वरच्या ओढ्याकाठच्या अरावाक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीतली. ती कुणाला मत देते हे अजून कुणाला कळलं नव्हतं, त्यामुळं दोन्ही काठांना ती आपली वाटायची आणि दोन्ही काठांना तिचा संशयही यायचा.

"हाइंड्सकाकाच्या पायाला जखम झालीय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या सुनेनं सांगितलं. दीड म्हैना झाला, भरत न्हाई. बुटात फडकं कोंबून प्रचाराला फिरतोय."

समदेईचा हात पहिल्यांदाच थांबला.

कथबर्ट हाइंड्सशी ती पाच वर्षं बोलली नव्हती. मागच्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा तो ढोल वाजवत, पांढराशुभ्र सदरा घालून, होडीत उभा राहून तिच्या धक्क्यावरनं गेला होता आणि समदेईनं मासे धुतलेली बादली त्याच्यावर रिकामी केली होती. अचूक. त्याच्या आधी मात्र तीस वर्षं तो तिला वैनी म्हणायचा. देवनारायणचं अर्धं अंग गेलं त्या सकाळी, त्याला समदेईच्याच होडीत घालून, इंजिन फुटेस्तोवर पळवून इस्पितळात नेलं होतं ते कथबर्टनंच. देवनारायण वाचला नाही, ते वेगळं. आणि शुश्रूषा न झालेला पाय कसा जातो हे समदेईला कुणी सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षं ती स्वतः साखरेचं इंजेक्शन घेत होती. तिच्या थोरल्या बहिणीचा पाय गुडघ्यापासून गेला होता.

"झेंडा निघायचा न्हाई," ती म्हणाली. "रविवारी शहरातनं मोठी माणसं यायचीत. पण तुझं ते यंत्र, पट्ट्या, गोळ्या, समदं पेटीत मावतंय का?"

"मावंल की. का?"

"मग माझी नारळाची मोठी होडी घे. नदीच्या मधोमध नांगर टाकू. मधलं पाणी कुठल्या पक्षाचं न्हाई."

व्हर्लिन तिच्याकडं बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. चोथा तळाला धरला होता. समदेईला त्याचा पत्ता नव्हता.

शनिवारी सकाळी भरती थांबली तशी होडी मधे नेऊन उभी केली. सोमवारी मतदान होतं. समदेईनं होडीतल्या सोललेल्या नारळांवर फळी टाकली, फळीवर चादर, चादरीवर व्हर्लिनची पेटी. छत्री धरायला ती स्वतः. पहिला तासभर कुणीच आलं नाही. पलीकडची माणसं धक्क्यावर उभी राहून बघत होती, अलीकडची माणसं धक्क्यावर उभी राहून बघत होती, आणि मधे या दोघी उन्हात.

"हसं झालं आपलं," व्हर्लिन म्हणाली.

"हू दे. माझा रक्तदाब तरी बघ."

मग पलीकडनं एक म्हातारी, मिस इनेझ, स्वतः वल्हं मारत आली. तिला होडीत चढायला तीन जणांचं बळ लागलं असतं, म्हणून व्हर्लिननं वाकून तिच्याच होडीत तिच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. मिस इनेझनं रक्तदाबाचा आकडा मोठ्यानं विचारला, मोठ्यानं काठाला सांगितला, आणि तेवढ्यानं बाकीच्यांची भीड चेपली. दहा वाजेपर्यंत होडीभोवती पंधरा-वीस लहान होड्या जमल्या. अलीकडचेही आले, गंमत बघायला म्हणून, आणि आलोच आहोत तर बघा म्हणून बोट पुढं करायला लागले. कुणी कसाव्याच्या कंदाची भाकरी आणली, कुणी डाळपुरी. रामजतन, म्हणजे समदेईच्या पक्षाचा या काठाचा पुढारी, त्याची साखर पलीकडच्या पुढाऱ्याच्या मेव्हण्यापेक्षा जास्त निघाली, तर तिथं सुद्धा कोण पुढं यावरनं वाद झाला.

कथबर्ट हाइंड्स सगळ्यात शेवटी आला. डोक्याला हॅट, अंगात पांढरा सदरा. समदेईकडं न बघता तो व्हर्लिनला म्हणाला, "सुनेनं लई डोकं खाल्लं, म्हून आलो. बोट बघ न् सोड."

व्हर्लिननं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. यंत्रानं आकडा दिलाच नाही. नुसती दोन अक्षरं दाखवली.

"काय म्हणतंय?" कथबर्टनं विचारलं.

"मोजता येत न्हाई म्हणतंय. लई वर हाय, काका. पाय दाखव."

"पायाचं काय काढलं मधीच?"

"दाखव की रं," समदेई म्हणाली. पाच वर्षांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो चमकला, आणि त्याच भरात त्यानं बूट काढला. फडकं सुटलं तसा वास आला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

व्हर्लिननं जखमेवर स्वच्छ कापड बांधलं. तिचा आवाज एकदम बदलला. "आत्ताच्या आत्ता खाली चॅरिटी गावाला जायचं. तिथनं मोटारीनं मोठ्या इस्पितळात. आठवडा तरी ठेवून घेतील."

"सोमवारी मतदान झालं की जातो."

"सोमवारपर्यंत पाय राहायचा न्हाई."

"मग एका पायानं जाईन. चाळीस वर्सांत एक मत चुकवलं न्हाई म्यां. मी ग्येलो तर आमचं एक कमी हुतंय, आन् ह्यांचं हाय तितकंच राहतंय." त्यानं हॅट समदेईच्या दिशेनं हलवली.

समदेईनं छत्री मिटली. मतदान तिनंही कधी चुकवलं नव्हतं. पहिल्या मुलीच्या वेळी आठवा महिना होता, तरी रांगेत उभी होती. या खेपेला तर मतदान केंद्रावर पक्षाकडून बसायचा मान तिला मिळाला होता आणि त्यासाठी नवा झगा शिवून आला होता. तिनं नदीकडं बघितलं. ओहोटी लागली होती. आत्ता निघालं तर पाण्याच्या ओढीनं होडी लवकर पोचली असती.

"मी येते संगं," ती म्हणाली. "सोमवारी मी बी तिथंच. तुमचं एक ग्येलं, आमचं एक ग्येलं. फिटंफाट."

रामजतन त्याच्या होडीत उभाच राहिला. "मावशे, अगं एकेका मताला माणसं जीव टाकत्यात, आन् तू..."

"जीवच चाललाय न्हवं हितं. खाली बस, होडी कलंडंल."

कथबर्ट डोळे बारीक करून तिच्याकडं बघत होता. "ही तुझ्या पक्षाची चाल तर न्हाई? मला तिकडं सोडून तू सोमवारी पहाटं परत यायचीस."

"तुझ्या खाटंला माझा पाय बांधून ठेव."

"कुणाचा पाय बांधायचा न् कुणाचा न्हाई, त्यो डॉक्टर ठरवंल," व्हर्लिन म्हणाली. "काका, उठ."

कथबर्टनं हॅट काढली, आत बघितलं, परत घातली. "होडी कुणाची?"

"माझी."

"इंजिन?"

"माझंच. तू फोडलेलं त्येच, दुरुस्त केलंय."

यावर तो हसला, आणि मग त्याला उचलून घ्यायला दोन्ही काठांचे हात पुढं आले.

इस्पितळात त्याच दिवशी ते बोट काढलं. डॉक्टर क्यूबाचा होता. त्याची इंग्रजी कथबर्टला कळेना आणि कथबर्टची त्याला, तेव्हा हातवारे करून, पाच बोटांतलं एक दुमडून त्यानं सांगितलं की बाकीची चार राहतील. दोन दिवस उशीर झाला असता तर पाय कुठून कापावा लागला असता तेही त्यानं हात आडवा धरून दाखवलं. घोट्याच्या वर.

सोमवारी वॉर्डात रेडिओ लागला होता. समदेई खाटेशेजारच्या बाकावर बसून संत्री सोलत होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला शाई. नर्सच्या बोटाला शाई, झाडूवालीच्या बोटाला शाई. समदेई आपल्या कोऱ्या बोटाकडं बघून पुन्हा पुन्हा ते ओढणीखाली घेत होती. कुणी विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारलं तर काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

"आता रांग लागली असंल," कथबर्ट छताकडं बघत म्हणाला.

"असंल."

"तुझ्या जागी कुणाला बसवलं?"

"रामजतनच्या बायकूला. तिला चष्म्याबिगर नाव वाचता येत न्हाई, आन् चष्मा ती मिरवणुकीत हरवून बसलीय."

"मग आम्हीच येतोय निवडून."

"तोंड बघा."

गुरुवारी रेडिओवर केंद्रवार आकडे सांगितले. त्यांच्या केंद्रावर एक पक्ष एकतीस मतांनी पुढं होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांच्या दोन मतांनी कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"येवढं करून," कथबर्ट म्हणाला, "आपला कुणाला उपेग न्हाई."

"मानाचं बसायचं फुकट ग्येलं माझं," समदेई म्हणाली. "झगा बी." पण तिला त्याचं हवं तितकं वाईट वाटेना, आणि ते तिचं तिलाच नवल वाटत होतं. सकाळीच ड्रेसिंग बदलताना तिनं जखम बघितली होती. कडेनं कोवळं गुलाबी मांस धरायला लागलं होतं.

घरी सोडायच्या आधी एक काम राहिलं होतं. आता त्याला रोज सुई घ्यायची होती आणि तिथल्या नर्सनं ती कशी घ्यायची हे दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा कथबर्टनं मान हलवली आणि सुई हातात घेतली नाही. कोयत्यानं झुडपं साफ करणारा, सुसरीच्या शेपटीला हात घालणारा सहा फुटी माणूस, बोटभर सुईकडं बघून घामाघूम झाला होता.

"तू रोज टोचतीस, वैनी?"

"सकाळ-संध्याकाळ. नऊ वर्सं."

"दुखतं?"

"पयल्या दिवशी लई दुखलं. टोचायच्या आधी."

तिनं आपला झगा नीट केला, पिशवीतनं आपली सुई काढली. तिचीही वेळ झालीच होती. "मी सांगते तसं कर. पोटाची वळी चिमटीत धर. तुझ्याकडं भरपूर हाय, शोधायला नगं. आता माझ्याकडं बघू नगंस, तुझ्या हाताकडं बघ."

वॉर्डातले इतर रोगीही माना वळवून कथबर्टच्या सुईकडं बघायला लागले. समदेईनं झग्याआडून आपलं काम उरकलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर नजर लावली. बाहेर इस्पितळाच्या आवारात माळी पपईला पाणी घालत होता. मागं खाट करकरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कथबर्टचा दाबून धरलेला श्वास सुटला.

"ग्येली," तो म्हणाला.

"आत ढकल. धा पतुर मोज, मंग काढ."

त्यानं मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत आवाज कापत होता, पाचापासून ठीक झाला. समोरच्या खाटेवरचा म्हातारा त्याच्याबरोबर मोजायला लागला, मग त्याच्या शेजारचा, आणि दहा येईपर्यंत सगळा वॉर्ड एका सुरात मोजत होता.