बदललं तेवढंच

एन्टरच्या बटणाखाली अक्षतेचा एक दाणा अडकला होता, कुंकवाने लाल झालेला, दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली तेव्हाचा – आणि तो टाचणीने काढण्यात आपण फार गुंतलो आहोत असं सोंग संचिता करत होती, कारण समोर पडद्यावर कोरं पत्र उघडून अर्धा तास झाला होता. पत्र पॅथॉलॉजी लॅबला, म्हणजे त्यांच्या क्लायंटला, जायचं होतं, पाचच्या आत. माझ्या स्क्रिप्टमुळे चूक झाली, एवढंच लिहायचं आणि खाली तिचं नाव. "त्यांना एक नाव पाहिजे गं," हितेश सर सकाळी म्हणाले होते, "नाव दिलं की विषय संपला." विषय त्यांचा संपणार होता. नाव मात्र तिचं जाणार होतं.

स्क्रिप्ट, म्हणजे बदललेल्या फायली सर्व्हरवर आपोआप चढवणारा छोटा प्रोग्राम, तिचीच होती, दोन वर्षांपूर्वी हट्टाने लिहिलेली. लॅबची अकरा केंद्रं, कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत, प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा. आणि त्याआधी काही छोटासा बदल असला तरी कोलशेतच्या या ऑफिसातून सगळीकडे अख्खा फोल्डर चढवायचे – पाऊण पाऊण तास रिपोर्ट बंद, पेशंट खोळंबलेले, काउंटरवरच्या मुलींनी फुकट बोलणी खायची. तिची स्क्रिप्ट रिपॉझिटरीला, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला ते टिपून ठेवणाऱ्या त्या साठ्याला, एवढंच विचारायची : मागच्या वेळेपासून काय बदललं? सात फायली? मग सातच जातील. बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही... ज्याचं काही बिघडलेलं नाही त्याला उगाच कशाला ढवळायचं, हे तिला कोडच्या बाहेरही पटलेलं होतं.

मंगळवारी तिने रिपोर्टच्या फाईलमधलं शीर्षक बदललं, स्क्रिप्टने ती फाईल पाठवली, आणि कळव्याच्या केंद्रात थायरॉइडच्या नऊ रिपोर्टांवर वाढलेल्या आकड्यापुढची इशाऱ्याची चांदणी छापलीच गेली नाही. एका डॉक्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. कारण सापडायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. रविवारी कळव्याहून, तिथल्या रिपोर्टांवर चांदणी येत नसल्याच्या तक्रारीचा फोन आला तेव्हा हितेश सरांनी घरी बसून थेट तिथल्या सर्व्हरवरच ती फाईल दुरुस्त केली होती – रिपॉझिटरीत नाही, कुणाला सांगणं नाही. मंगळवारी तिची फाईल वर जाऊन बसली आणि त्यांची दुरुस्ती पुसली गेली. सर्व्हरच्या नोंदीत त्यांचं नाव होतं, सकाळी अकरा चाळीसची वेळ होती. आणि यापुढे अख्खा फोल्डर टाकायचा असा वर त्यांचाच हुकूम! अख्खा टाकला असता तरी तुमची दुरुस्ती गेलीच असती, सर... हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं आणि नेहमीप्रमाणे तिथेच थांबलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत आईचा डोंबिवलीहून फोन आला होता. संचिताने सगळं सांगितलं.

"अगं, म्हणून टाक ना चुकलं. दोन शब्द बोलून काय झिजणार आहेस का तू? नोकरी तर राहील."

दोन शब्द – ती नऊ वर्षांची होती तेव्हाही दोनच होते. आदल्या संध्याकाळी आणलेला गणपती, रुमालाने झाकून टेबलावर ठेवलेला. सात वर्षांच्या धाकट्या भावाने, साईनाथने, रुमाल वर करून आत हात घातला आणि कान त्याच्या हातात आला. जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पिठाची परात, तिने साईनाथकडे पाहिलं आणि मग संचिताकडे... नुसतं पाहिलं. चुकलं माझं, संचिता म्हणाली. बाबांनी दुसरी मूर्ती आणली. त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि दर भाद्रपदात अजूनही कोणीतरी म्हणतंच, संचिताला जरा लांब बसवा हं! सगळ्यांत मोठ्याने साईनाथ हसतो, कारण ती तोडफोड तिनेच केली असं आता त्यालाही खरंच वाटतं.

"आई, गणपतीचा कान कोणी तोडला होता गं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आता त्याचं काय?" आई म्हणाली. "लहान होता तो."

मी पण लहान होते, आई. हे मात्र ती बोलली, फोन ठेवायच्या आधी, आणि तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरच्या रुचिताने मान वर करून पाहिलं.

आता ती लिहू लागली. रागाच्या भरात सगळं हितेश सरांच्या माथी मारता आलं असतं, पण तेही खरं नव्हतं. ते असे परस्पर सर्व्हरवर हात घालतात हे तिला माहीत होतं. पाठवण्याआधी तिथली फाईल कोणी बदलली आहे का ते तपासायची सोय स्क्रिप्टमध्ये हवी, हे मार्चमध्येच तिच्या मनात आलं होतं आणि तिने कंटाळा केला होता. तेवढं तिचं. पहिलं वाक्य तिने तेच लिहिलं, माझी चूक असं स्पष्ट शब्दांत. दुसऱ्या वाक्यात रविवार, अकरा चाळीस, आणि हितेश सरांचं नाव.

साडेचारला ते मागे येऊन उभे राहिले. वाचलं.

"पहिलं ठेव. दुसरं काढून टाक."

"नाही काढणार, सर."

"संचिता, क्लायंटला जाणारं लेटर आहे हे. मी काय सांगतो ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. माझं जेवढं आहे तेवढं मी लिहिलंय. तुमचं माझ्या नावावर नाही जाणार. तुम्हाला वेगळं पाठवायचं असेल तर तुमच्या सहीने पाठवा."

सर वळले. केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. काचेतून ते कुणाला तरी फोन लावताना दिसत होते. उद्या या खुर्चीवर आपण असू की नाही, तिला ठाऊक नव्हतं, आणि भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. एरवी अशा वेळी ती पाच मिनिटांत उठून दार वाजवायची – सर, रागावलात का... आज तिने पत्र तसंच लॅबला पाठवलं आणि ती बसून राहिली. त्यांची समजूत काढावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं.