कॅलेंडरच्या मागे

तनुजाने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि उलटं केलं. मागे, जनरेटरवाल्याच्या नंबरखाली, निळ्या शाईत आणि गोल अक्षरात बिलोली शाखेच्या मुख्य संगणकाचा पासवर्ड लिहिलेला होता. तिने मोबाइलने फोटो घेतला.

“हे कोणी लिहिलं?”

प्रश्न शाखेतल्या चौघांना होता. रुद्रेश टेबलाच्या कडेला उभा होता. दीड महिन्यापूर्वी तो या सहकारी बँकेचा माहिती सुरक्षा प्रमुख झाला होता. त्याआधी सात वर्षं नांदेडच्या मुख्य कार्यालयात सर्व्हर, केबल आणि शाखांचे फोन हेच त्याचं काम होतं. लातूरहून आलेल्या ऑडिटर तनुजासोबत शाखा तपासायची ही त्याची पहिली फेरी.

पासवर्ड वाचायची त्याला गरज नव्हती. तो त्यानेच ठरवला होता. अकराही शाखांना एकच. “काका, हा बदलू नका,” तेव्हा त्याने फोनवर मन्मथकाकांना सांगितलं होतं. “डोळ्यांसमोर लिहून ठेवा. दर वेळी बिलोलीला यायला जमत नाही मला.”

“माझंच हाय मॅडम ते,” मन्मथकाका म्हणाले. ते शाखेचे हेडक्लार्क. निवृत्तीला चार महिने उरले होते. “दर जानेवारीत जुन्या कॅलेंडरवरून नव्यावर उतरवून घेतो.”

“तसं करायला कोणी सांगितलं होतं?”

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. रुद्रेशकडे पाहिलं नाही.

“कोन सांगनार. वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाई.”

“पुढच्या साली अमावस्येच्या चौकटीत लिहा काका,” कॅशवरची अंबिका म्हणाली. “तिथं कोनी बघत न्हाई.”

सगळे हसले. रुद्रेशही हसला. मग त्याने समोरचा कीबोर्ड टेबलाच्या कडेला समांतर केला, आणि तो झाला तरी बोटं तिथंच राहिली.

“यांना नोटीस द्यावी लागेल सर,” तनुजा म्हणाली. “सर्व्हिस बुकात नोंद होईल.”

“हं,” रुद्रेश म्हणाला.

पुढचा अर्धा तास त्याने नवा पासवर्ड बसवण्यात घालवला. खरं तर ते आता त्याचं काम नव्हतं. नांदेडहून कोणीही येऊन केलं असतं. पण पडद्याकडे तोंड करून बसता येत होतं.

निघताना काका सोबत बाहेर आले. तनुजा आधीच गाडीत बसली होती.

“काका, ते मी तेव्हा तुम्हाला...”

“ऱ्हाऊ द्या साहेब.” पूर्वी ते त्याला अरे-तुरे करायचे. “तुम्हाला वर घेतलं तव्हा मला लई काळजी लागली व्हती. सर्व्हर बंद पडला की पयला फोन तुमचाच यायचा. ‘काका, माझं चुकलं,’ म्हनायचात. म्हटलं, असा मानूस तिथं वर निभायचा कसा?”

आवाजात टोमणा असेल म्हणून रुद्रेशने नीट ऐकलं. नव्हता.

“आज बघितलं,” काका म्हणाले. “निभून राहिलंय.”

त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. त्याच्यासाठी त्यांनी असं कधी केलं नव्हतं. रुद्रेश आत बसला तसं त्यांनी ते हळूच लावलं आणि ड्रायव्हरला मागे बघून सांगायला गाडीच्या पाठीमागे गेले. रस्त्यावर टमटम आडव्या उभ्या होत्या.

“येऊ द्या, येऊ द्या. अजून लई जागा हाय.”

तनुजाच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. “‘कर्मचाऱ्याने चूक स्वतः कबूल केली,’” तिने वाचून दाखवलं. “एवढंच ना सर? खाली सही तुमची लागेल.”

गाडी इंच इंच मागे सरकत होती. काच बंद होती, तरी काकांच्या हाताची थाप डिकीवर ऐकू येत होती.

“एवढंच नाही,” रुद्रेश म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तनुजाने मान वळवली.

“मग? पुढे काय लिहू?”

त्याने ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.