तळहातावरचे डाग

वहिनीच्या उजव्या तळहातावर सात डाग होते, डाव्यावर पाच. शर्टाच्या बटणापेक्षा लहान, तांबूस, कडेला किंचित साल निघालेली. खाजत नव्हते, दुखत नव्हते. मंगळवारी उजव्यावर चारच होते.

"साबणाने झालेत गं," वहिनी म्हणाली. "तुझ्या दादाच्याही हातांवर आले होते, गेले आपोआप. वीसदा हात धुवायला लावतात आणि वर म्हणतात, तब्येत सांभाळा!"

आई हसली. नणंदेला हसू आलं नाही. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. साबण आधी बोटांच्या बेचक्यांत लागतो, नेमका तळहात निवडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात दादा मालाचा ट्रक बाहेर लावून इस्पितळात तिच्याकडे आला होता. मान खाली. "फोड आलाय. नको तिथे. दुखत नाही. तुझ्या वहिनीला कळू देऊ नकोस." तिने त्याला सोमवारी बोलावलं. सोमवारी गुप्तरोग विभागाला कुलूप लागलं आणि तिथल्या सिस्टर साथीच्या वॉर्डात गेल्या. दादाने फोन केला तेव्हा ती वैतागून म्हणाली, "उघडल्यावर बघू. इथे माणसं मरतायत." फोड बरा झाला. तो बरा होतोच. रोग तेवढा रक्तात राहतो. हे तिला पाठ होतं, तरी तिला तेव्हा हायसं वाटलं होतं.

वहिनीला तेव्हा दुसरा महिना होता. गरोदर बायकांची तपासणीही बंद पडली. शेवटी अकरा दिवसांपूर्वी नणंदेनेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं रक्त काढलं. "घरचीच डॉक्टरीणबाई, रांगेत उभं राहायला नको," वहिनी खूश होती. नणंदेने ते रक्त तीनदा तपासलं. तिन्ही वेळा सिफिलिस.

इंजेक्शन मिळण्यासारखं होतं. गुप्तरोग विभागातल्या जुन्या सिस्टर मागच्या दाराने द्यायला तयार होत्या. नवरा-बायको दोघांनी यायचं, एवढीच अट. रोज सकाळी ती सांगायचं ठरवायची आणि चहाबरोबर शब्द गिळायची. कारण वहिनीचा पहिला प्रश्न तिला आधीच ऐकू यायचा: तुला कधीपासून माहीत होतं? तिकडे सहावा महिना लागला होता. रोगाला बाळापर्यंत आता नाळेएवढंच अंतर कापायचं होतं.

दुपारी दादा फेरीवरून आला आणि मोरीत हात धूत राहिला. पाठमोराच म्हणाला, "तुमची ती खोली उघडली का गं?"

"कसली खोली?" आईने विचारलं.

"काही नाही. हिच्या कामाची."

पाणी वाहत होतं.

"आज आमचं बाळ फारच शहाण्यासारखं वागतंय," वहिनी पोटावर हात ठेवून म्हणाली. "एरवी नुसता धुडगूस. सकाळपासून दोनदाच हललं."

नणंदेने हातातलं ताट खाली ठेवलं. वहिनीच्या पोटावर तोच सात डागांचा तळहात टेकलेला, बोटं पसरलेली.

"दादा, नळ बंद कर."

त्याने बंद केला, पण वळला नाही.

"वहिनी, ते साबणाचे डाग नाहीत. तुझ्या रक्तात सिफिलिस आहे. दादाकडून आलाय. त्याने मला टाळेबंदीच्या आधीच सांगितलं होतं, आणि मी त्याला थांब म्हणाले. चपला घाला दोघंही. आत्ता निघायचंय."