माझा चौथा पाय

मी एक जुनी शिडी आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नाही तर नाही. तुम्ही तरी माझ्याजवळ बसा. फार हलू नका. हलायचं काम माझं.

मित्रांनो, कॅलिफोर्नियातली ही ऑलिव्हची बाग तुमच्या पणजोबांहून म्हातारी आहे. दर नोव्हेंबरात एका रविवारी गावातली माणसं इथे जमतात, झाडांखाली ताडपत्र्या अंथरतात, मोठ्या फण्यांनी फांद्या विंचरून फळं पाडतात आणि सगळ्यांचं मिळून तेल काढतात. आपली मराठी मंडळीही डबे घेऊन येतात. शेंड्यावरची फळं मात्र माझ्याच पाठीवरून उतरली. लोक कौतुक करायचे. तेल त्यांच्या सॅलडवर गेलं. माझ्या बिजागरीला थेंबही मिळाला नाही.

यंदा भिंतीपलीकडच्या झाडांना अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या शिड्या लागल्या. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण फाटकापाशी लाकडाचा भुगा करणारं यंत्र घरघरतं आहे. इथली सगळी व्यवस्था बघणारे रिटायर्ड डॉक्टर चारुदत्तकाका मला हलवून म्हणाले, "फार कुरकुरते ही. आज कुणी चढलं तर ठेवू, नाही तर टाका चिपरमध्ये."

"तुमचे गुडघे काय कमी कुरकुरतात?" उत्तराकाकू म्हणाल्या. "तुम्हाला टाकलं का मी?"

सगळे हसले. चढलं कुणीच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही पोरं माझ्या सावलीत बसलात आणि ही बारा वर्षांची अंतरा माझे पाय मोजायला लागली. "ओन्ली तीन? चौथा कुठे गेला?"

म्हटलं, ऐक. एका वर्षी पुण्याहून नुकताच आलेला नकुल माझ्या शेंड्यावर चढला आणि झाडावरचं ऑलिव्ह त्यानं बोरासारखं तोंडात टाकलं. कच्चं ऑलिव्ह म्हणजे कडुलिंबाचा थोरला भाऊ! "मेलो यार!" अशी किंकाळी फोडली त्यानं, की अख्ख्या बागेची फळं एका दमात ताडपत्र्यांवर. आणि नकुल हवेत! मी चौथा पाय लांब केला नि त्याला अलगद झेललं. पोरगा वाचला, पाय मोडला. आता सांगा, अशा जखमी म्हातारीचा भुगा करायचा?

तेवढ्यात यंत्राची घरघर वाढली. काका मला उचलायला आले.

अंतरा ताडकन उठली. "काका, वेट! मी चढते."

"सावकाश गं. मी धरतो."

काकांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. अंतरा एकेक पायरी चढली, मी पायरीगणिक कुरकुरले, पण सोडलं नाही तिला. वर पोचून तिनं शेंडा विंचरला आणि फळं टपाटपा काकांच्या टकलावर पडली.

"आता काय म्हणता, डॉक्टर?" काकूंनी विचारलं.

"शब्द म्हणजे शब्द," काका डोकं चोळत म्हणाले. "बंद करा ते यंत्र. आणि हिच्या बिजागरीला तेल आणा कुणीतरी."

घरघर थांबली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, हीच वेळ आहे उपदेशाची. "तर मित्रांनो, ज्यांनी तुमच्यासाठी हातपाय मोडून घेतले, त्या म्हाताऱ्यांना कधी..."

"ए शिडीआजी!" अंतरा वरून, भिंतीपलीकडे बघत ओरडली. "यू लायर! त्या सगळ्या नव्या शिड्यांनापण तीनच पाय आहेत!"