जावयाच्या विमानाचा पंप

जावयाने गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधायला घेतलं, तेव्हाच सासऱ्याने कपाळाला हात लावला होता. जावई दातांचा डॉक्टर. सासऱ्याचा जन्म गेला मोठ्या विमानांची इंजिनं तपासण्यात. आता निवृत्तीनंतर हा दात उपटणारा माणूस आपल्याला विमान दाखवणार, म्हणजे झालंच कल्याण.

पण विमान झालं, आणि मेलं उडालंही. जावई एकटा वर जाऊन चार फेऱ्या मारून आला. आज तो बायकोला घेऊन जाणार होता, आणि बायको म्हणजे सासऱ्याची एकुलती एक लेक. नेमका आजच पेट्रोलचा पंप रुसला. इंजिनाला पेट्रोल पोचवायला विजेवर चालणारा तेवढा एकच पंप. तो हवेत बंद पडला की इंजिन बंद, मग खाली जे काय येईल ते नशीब. लेकीनेच फोन करून बापाला विमान उडवायच्या मैदानावरच्या शेडमध्ये बोलावून घेतलं.

"बाबा, जरा बघता का?" जावई म्हणाला. "बाहेर काढून बॅटरीला जोडला की छान चालतो. आत बसवला की थोडा वेळ घरघरतो आणि मरतो."

"तुमच्या खुर्चीत बसलेल्यांचंही असंच होतं का हो, जावईबापू?"

जावई हसला. त्याला टोमणासुद्धा कळत नसे.

सासरा आत वाकला. सगळं कसं पांढरंशुभ्र, गुळगुळीत. पंपातली वीज परत नेणारी अर्थिंगची वायर धातूच्या सांगाड्याला बोल्टने आवळली होती, आणि तिच्याखालीही रंगाचा हा जाड थर. त्याने बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. संपलं. रंगातून वीज जाणार कशी? बोल्ट आवळताना कुठे जरासा रंग उडाला असेल, तेवढ्यावर गाडं चाललं होतं; तो सांधा तापला की पंप मेला. स्कूटर दुरुस्त करणाऱ्यालाही हे कळलं असतं. पण हा शहाणा विमान नटवत बसला, आणि खालचा धातू मोकळा करायचा राहून गेला.

सासऱ्याने हात मागे घेतला. "काही कळत नाही बुवा," तो म्हणाला.

पंप चालला नाही तर लेक जमिनीवर राहील, एवढा साधा हिशेब होता. त्याने खुर्ची ओढली आणि मजा बघत बसला. जावयाने फिल्टर उघडून धुतला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, फ्यूज बदलला. प्रत्येक वेळी पंप थोडा चालला आणि मेला. "चालू द्या, चालू द्या," सासरा म्हणत राहिला.

"बाबा, खरंच काही दिसत नाही तुम्हाला?" लेकीने विचारलं.

"या दिव्य कारभारात कुणाला काय दिसणार?"

शेवटी जावयाने नवाकोरा पंप आणून बसवला. त्या ओढाताणीत वायर जरा सरकून रंग उडालेल्या जागी टेकली असणार, कारण या खेपेला पंप एकसुरात गुणगुणू लागला, आणि चालूच राहिला. "पंपच खराब होता," जावई खुशीत म्हणाला. लेक लगेच चढून बसली आणि पट्टा लावू लागली.

जमिनीवर मेलेला पंप सासऱ्याला हवा होता. हा पंप आता वर जाऊन मरणार होता.

"थांबा," म्हणत तो उठला. त्याने पकडीने बोल्ट हलवला आणि पंप बंद पडला. "हा सोडवा. खालचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडा."

जावई निमूटपणे वाकून खरवडू लागला. किडलेली दाढ कोरावी तसा जपून. "तुम्ही होतात म्हणून वाचलो, बाबा," तो अगदी मनापासून म्हणाला. सासऱ्याला ते ऐकवेना. एवढ्याशा कामाचं कौतुक करतो, गाढव कुठला.

"त्यात काय एवढं? मला तर आल्या आल्याच दिसलं होतं."

जावयाने नुसती मान डोलावली. त्याला हेही कळलं नाही. लेकीचा हात मात्र पट्ट्यावर थांबला.

"आल्या आल्या?"

"अगं, तू वर जाऊ नयेस म्हणून..."

"तो दिवसभर तुमच्यासमोर झटत होता. त्याला येत नव्हतं, बाबा. तुम्हाला येत होतं."

बोल्ट पुन्हा आवळून झाला, पंप सुरू झाला, आणि तिने आपल्या बाजूचं दार आतून लावून घेतलं.