दाराकडे तोंड केलेले बूट

भोंगा वाजला तेव्हा एंगेलबर्ट परसात बटाटे काढत होता. फावडं तिथेच टाकून तो धावला. मागून बायको, बुर्गी, ओरडली, "अहो, कुठे निघालात? रविवारीच निरोपसमारंभ झाला ना तुमचा!"

त्याला ते ऐकूच आलं नाही.

हासेलबाख गावात आग विझवायला पगारी माणसं नाहीत. भोंगा वाजला की ज्याच्या हाती जे काम असेल ते टाकून तो बंबघराकडे पळतो. पण पासष्ट वर्षं झाली की थांबायचं, असा नियम आहे. रविवारी सॉसेज आणि सफरचंदाच्या दारूसोबत भाषणं झाली, आणि एंगेलबर्टने बंबाची किल्ली लेनीच्या हाती सोपवली.

बंबघरात तिघं होती: अग्निशमन दलाची प्रमुख लेनी, खानावळवाला फेर्डल आणि टपाल वाटणारी ग्रेटे. भिंतीकडेला सगळ्यांचे बूट ओळीनं उभे होते. तोंडं बंबाकडे आणि जाड विजारी बुटांवरच दुमडलेल्या, म्हणजे पाय घातला की वर ओढायचं. एंगेलबर्टच्या खुंटीखालची जागा तेवढी मोकळी होती.

"चर्चमागच्या झेन्झीच्या गोठ्यावरचं गवत पेटलंय," लेनी म्हणाली.

"मग उभे का? निघा!"

"चालवणार कोण?" फेर्डल चिडला होता. "बंबाचा परवाना दोघांकडे, आणि दोघंही तिकडे शहरात, लिंझला कामावर. दिवसा गावात राहतं कोण? म्हातारे आणि कोंबड्या."

"आणि मी कोण, कोंबडा? किल्ली दे पोरी."

लेनीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "काका, तुमचं नाव आता दलात नाही. वाटेत काही झालं तर विमा नाही, जबाबदारी कोणाची?"

"अगं, झेन्झीचा गोठा जळतोय!"

"घाईत नियम मोडला की एकाऐवजी दोन घरं जळतात. कोणी शिकवलं मला हे?"

त्यानेच शिकवलं होतं. दलाच्या मुलांच्या वर्गात ती सगळ्यांत लहान होती. एकदा तर सरपंचाचा भाऊ दलात नसताना बंबावर चढला, म्हणून एंगेलबर्टने त्याला सगळ्यांदेखत खाली उतरवलं होतं. लेनी तेव्हा समोरच उभी होती.

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. "शेजारच्या गावाला कळवलंस?"

"निघालेत. टेकडीपलीकडून यायचंय त्यांना."

तिघं फेर्डलच्या छोट्या गाडीत आग विझवायची, हातात धरायची नळकांडी टाकून निघाली. एंगेलबर्ट बंबाजवळ उभा राहिला. पाण्याची टाकी गच्च भरलेली होती. शनिवारी त्यानेच भरली होती. उघड्या दारातून चर्चच्या मनोऱ्यामागचा धूर दिसत होता. आधी पांढरा होता, मग काळा झाला. टेकडीवरून शेजारच्या गावाचा बंब येताना ऐकू आला, तेव्हा धूर पुन्हा पांढरा व्हायला लागला होता; जळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

संध्याकाळी लेनी त्याच्या परसात आली. चेहऱ्यावर काजळी होती.

"गाई सुटल्या. झेन्झीनंच सोडल्या, हात भाजलेत तिचे. शेवटच्या कप्प्यातली म्हातारी गाय लीझल मात्र गेली. गोठा पडला." ती बांधावर बसली. "झेन्झी नुसती दूध काढायच्या तिवईवर बसून होती."

एंगेलबर्ट बटाट्यावरची माती खरवडत राहिला.

"काका, मी बरोबर केलं ना?"

"नियमाप्रमाणे केलंस."

"तसं नाही विचारत मी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर मीही नसती दिली किल्ली. तेच खुपतंय मला."

ती गेल्यावर तो घरात आला. इतकी वर्षं तो घरी जोडे काढायचा तेही बंबघरातल्यासारखेच निघायच्या तयारीत, तोंडं दाराकडे करून. बुर्गी अडखळायची, कुरकुरायची, पण त्यानं ती सवय कधी सोडली नव्हती. आज त्यानं मातीनं भरलेले जोडे काढले, क्षणभर हातात धरले आणि तोंडं भिंतीकडे करून ठेवले.

जेवणानंतर बुर्गी भांडी आवरून आली. जोड्यांकडे पाहून ती जरा थांबली. मग वाकली आणि तिनं ते पुन्हा दाराकडे वळवून ठेवले.