पुढे आलेला हात

मी एक जुना रूळ आहे. शिसवीचा, गोल, हातभर लांब आणि आता दोन तुकड्यांत. मित्रांनो, हसू नका. माझ्या नुसत्या आवाजाने भल्याभल्यांची बोबडी वळायची.

एका मोडक्या पलंगाच्या पायातून सुताराने मला घडवलं. वह्यांवर सरळ रेघा आखायच्या, एवढंच माझं काम ठरलं होतं. पण मला विकत घेतलं इंग्रजीच्या सरांनी. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांची शिकवणी चालायची, आणि राग तर नाकावरच. कुणी ‘रिटर्न बॅक’ म्हणालं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. ‘कझिन ब्रदर’ ऐकलं की खल्लास! ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’ तर त्यांचे सात जन्मांचे वैरी.

शिकवणीचा एक कायदा होता. सर कुणाचा हात ओढत नसत. चुकणाऱ्याने स्वतःच हात पुढे करायचा, पालथा, बोटं मिटून. मग मी सांध्यांवर बसायचो. खाड! कातडी फाटली तरी वर म्हणायचं, “थँक यू, सर.” एका मुलाची करंगळी माझ्याखाली मोडली, तरी त्याने ओठ चावून आभार मानले. पालक म्हणायचे, “छान वळण लावलंत हो!” मग मला तेल लावलं जायचं. खरं सांगतो, ते तेल मला कधी मुरलं नाही.

सर्वांत जास्त मार सरांच्या मुलीने खाल्ला. ती घरचीच, तिला सुट्टी कुठली? जेवताना एखादा शब्द निसटला की आई मुकाट्याने तिचं ताट बाजूला सरकवायची, रक्त ताटात पडू नये म्हणून. केवढी बडबडी पोर होती ती! हळूहळू तिने बोलणंच टाकलं.

पुढे शिकवणी बंद पडली आणि मी टेबलाच्या खणात धूळ खात पडलो. मुलगी मोठी झाली. दुसऱ्या शहरातल्या नोकरीसाठी तिला मुलाखतीला बोलावलं. नोकरी लागली की या घरातून सुटका! आईने तर बॅगही भरून ठेवली.

मुलगी परतली ती पांढरीफटक होऊन.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“उत्तरं सगळी येत होती, बाबा. बोलता बोलता तोंडून ‘ॲक्च्युअली’ निघून गेलं. आणि माझा हात आपोआप पुढे गेला. पालथा. मुलाखत घेणाऱ्या तिघांसमोर, टेबलावर.” तिचा आवाज फाटला. “वर मी ‘थँक यू, सर’ म्हणाले! एक जण हसला. बाकीचे दोघं माझ्या बोटांवरचे वण बघत बसले.”

“म्हणजे घालवलीस नोकरी!” सर गरजले. “ॲक्च्युअली, चूक माझीच. तुला आणखी दोन द्यायला हव्या होत्या.”

मुलीने खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

“हात पुढे करा, बाबा.”

“अगं, ते आपलं सहज... हल्ली सगळेच म्हणतात.”

“हात!”

कायदा त्यांचाच होता. सरांनी हात पुढे केला. पालथा, सुरकुतलेला. तिने मला डोक्यावर उगारलं. एवढ्या त्वेषाने मला कधी कुणी धरलं नव्हतं. मी घाबरलो, मित्रांनो. खाड! हातावर नाही, हाताच्या शेजारी. टेबलाची फळी चिरली, मी मधोमध तुटलो आणि माझं एक टोक उडून सरांच्या भुवईत घुसलं. रक्त डोळ्यात उतरलं. तरी त्यांचा हात तिथेच, टेबलावर.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आभार नका मानू.”

बॅग भरलेलीच होती. नोकरी नव्हती, तरी ती निघाली. दार आईने उघडून दिलं.

आता भुवईला पट्टी लावून सर डिंक घेऊन बसले आहेत. जुनी वस्तू आहे, सांधून ठेवू म्हणतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, मलाही पटतं. पण माझ्यावर एक उपकार करा. मला त्यांच्या हातून काढून घ्या आणि चुलीत घाला. ती कधी परत आली, तर हवे ते शब्द बोलू दे तिला, चुकीचेसुद्धा. आणि बोलताना तिचा हात तिच्या मांडीवरच राहू दे.